दुधनीहून बर्फाच्या डोंगरात

थंडीच्या दिवसांत बर्फाच्या डोंगरावर जायचे म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला एकच देखावा येतो. पायांना लांब पट्ट्या, दोन्ही हातांत काठ्या, डोळ्यांवर काळा चष्मा आणि उतारावरून वाऱ्यासारखा घसरत येणारा नायक. या खेळाला स्कीइंग म्हणतात. तो नीट शिकायचा तर दोन आठवडे मोडतात, सामान भाड्याने घ्यावे लागते, शिकवणारा लागतो, आणि पाय मोडलाच तर दवाखाना लागतो. मग आपल्यासारख्यांनी तिकडे जाऊन करायचे काय? हा प्रश्न निघण्यापूर्वी आम्हाला दुधनीत निदान पन्नास जणांनी विचारला. काहींनी तो हसत विचारला, काहींनी जरा कुत्सितपणे.

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याचे टोक. पलीकडे लगेच कर्नाटक. तूर, ज्वारी, अडत बाजार, मराठीत मिसळलेली कानडी आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा पारा, ही आमची ओळख. इथल्या माणसाला बर्फ माहीत तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आमच्या आईने तर स्पष्टच विचारले, "एवढा पैसा घालून बर्फ बघाया जायचं? गोळेवाल्याकडं मिळतंय की."

तरी आम्ही गेलो. सात घरची बावीस माणसे. त्यात बाजार समितीच्या आवारातले दोन हमाल, नगरपरिषदेचा एक सफाई कामगार, एक अंगणवाडी ताई, एसटीतून निवृत्त झालेले एक मामा, सोलापूरच्या गिरणीत हयात घालवलेल्या बापाचे दोन मुलगे, चार म्हाताऱ्या आणि पाचवी ते बारावीची आठ पोरे. बाकी घरची मंडळी. एकालाही स्की येत नव्हते आणि शिकायचेही नव्हते. अकरा दिवसांत "आता काय करायचं?" असे कोणी म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. घसरण्यावाचून त्या डोंगरात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक फुकट किंवा अगदी थोडक्यात होणारे आहे. ते आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पैशाचे सांगतो, कारण आपल्याकडे तिथेच घोडे अडते. घरटी महिना हजार रुपये अशी भिशी आम्ही दोन वर्षे चालवली. वही अंगणवाडी ताईंकडे आणि हिशेब आमच्याकडे. कारकुनाला दुसरे येते तरी काय? परत आल्यावर बेरीज मारली तेव्हा खर्च माणशी साडेसात हजारांच्या आत बसला होता. यात दोन गोष्टींचा वाटा मोठा. एक म्हणजे निघण्याची तारीख. एक जानेवारीचा भीमा कोरेगावचा कार्यक्रम आणि तीन तारखेची सावित्रीमाईंची जयंती आटोपून आम्ही निघालो. नाताळ आणि नव्या वर्षाला तिकडे खोल्यांचे भाव आभाळाला टेकलेले असतात, पहिला आठवडा उलटला की उतरतात. मुलांची शाळा आठ-दहा दिवस बुडाली, त्याबद्दल गुरुजींची बोलणी खाल्ली. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दिल्ली मागे पडेपर्यंत बावीस माणसांनी गाडीत जेवण म्हणून विकत घेतले नाही.

आता कपड्यांचे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे कडू लागेल, पण सोलापुरी चादर बर्फात नेऊ नये. गाडीत अंथरायला-पांघरायला ती उत्तमच. परंतु सुती कापड पाणी पिते, ओले झाले की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून सुती मोजेही नकोत. लोकर दमट झाली तरी ऊब धरते. त्यामुळे आपल्याकडचे जुने घोंगडे तिकडे राजासारखे मिरवते. आमच्या एका हमालभाऊंनी बापाचे घोंगडे नेले होते. पोरे आधी त्यांना हसली आणि रात्री त्याच घोंगड्यात शिरली. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. ऊब असते ती मधल्या हवेत. लांब कोट आणि गमबूट मनालीला रस्त्याच्या कडेला भाड्याने मिळतात, विकत घेण्याचे कारण नाही. फक्त बुटात हात घालून आत ओल नाही ना, हे बघून घ्यावे.

दुधनीहून पॅसेंजरने सोलापूर, तिथून कर्नाटक एक्स्प्रेसने एक दिवस-एक रात्र काढून दिल्ली, आणि दिल्लीहून रात्रीच्या नेताजी एक्स्प्रेसने, म्हणजे जुन्या कालका मेलने, पहाटे कालका. इथवर प्रवास नेहमीचाच. कालक्याला आम्ही छोट्या गाडीपाशी उभे राहिलो आणि एसटीवाले मामा रुळांकडे बघत म्हणाले, "अरे, ही तर आपली बार्शी लाईट!"

मामांचे म्हणणे शब्दशः खरे होते. कालका-शिमला रेल्वेच्या दोन रुळांत अडीच फूट अंतर आहे. कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली १८९७ साली, ती याच अडीच फुटी मापाची. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली आणि लहान रूळसुद्धा मोठा माल ओढू शकतो हे दाखवून दिले. शिमल्याची गाडी त्यानंतर, १९०३ साली सुरू झाली. आपल्या बार्शी लाईटचे रूळ २००१ पासून पुढच्या दशकभरात रुंद झाले आणि ती गाडी गेली. मामांनी तरुणपणी लातूरकडची लग्ने त्या गाडीने केली होती. तिच्यातून उतरून चालत लघवीला जावे आणि पळत येऊन पुन्हा गाडी पकडावी, असे किस्से त्यांनी शिमल्यापर्यंत सांगितले. इकडची ती गाडी मोडीत निघाली, तिकडची २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. असो.

शहाण्णव किलोमीटरला ही गाडी पाच-साडेपाच तास घेते. तेवढ्यात १०२ बोगदे आणि आठशेंवर पूल. कालका साडेसहाशे मीटर उंचीवर, शिमला स्टेशन दोन हजारांच्या वर. प्रत्येक बोगद्यात पोरे ओरडत होती, पन्नासाव्या बोगद्यापर्यंत म्हाताऱ्याही ओरडू लागल्या. साध्या डब्याचे तिकीट आपल्या खिशाला झेपणारे आहे, पण आरक्षण आधी करावे. आम्हाला विचाराल तर बर्फ न दिसता एवढी गाडी करून परत आलो असतो तरी पैसे वसूल होते.

या मार्गावर बडोगचा बोगदा सर्वांत लांब, अकराशे मीटरहून थोडा अधिक. त्याची गोष्ट तिकडे सगळे सांगतात. बडोग नावाच्या साहेबाने डोंगर दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, पण दोन टोके एकमेकांना भेटलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि अपमानाने त्याने जीव दिला, असे म्हणतात. मग हॅरिंग्टन नावाच्या दुसऱ्या इंजिनिअरच्या हाताखाली नवा बोगदा झाला, आणि त्याला वाट दाखवली ती भलकू नावाच्या एका अशिक्षित पहाडी माणसाने. चायलजवळच्या झाझा गावचा हा माणूस काठीने खडक ठोकायचा आणि आवाजावरून कुठे खणायचे ते सांगायचा, अशी लोकांत आठवण आहे. डिग्रीवाल्या साहेबाचे नाव बोगद्याला आणि स्टेशनला मिळाले. भलकूच्या नावाने शिमल्यात रेल्वेचे छोटे संग्रहालय उघडले ते २०११ साली, म्हणजे शंभरावर वर्षांनी. आम्ही ते आवर्जून पाहिले. आमच्या बारावीतल्या पोरीने आत गेल्यावर विचारले, "बोगदे खणणाऱ्या बाकीच्यांची नावं कुठं लिहिलीत?" ती तिथे नव्हती.

शिमल्याने आम्हाला बर्फ दाखवला नाही. हे आधीच मनाशी धरून जावे. अलीकडे तिथे डिसेंबर-जानेवारी कोरडे जाण्याची वर्षे वाढली आहेत. बर्फाच्या नावाने पैसे घेणारा एजंट हे सांगत नाही. तरी शिमल्यात दोन दिवस कमी पडले. माल रोडवर गाड्यांना बंदी आहे. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मोकळे फिरता येते. खालच्या रस्त्यावरून वर यायला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ती वापरावी. रिज नावाच्या मैदानात उन्हात बसून राहणे हासुद्धा तिकडे एक कार्यक्रमच आहे. आमच्या चार म्हाताऱ्यांनी तो तीन तास केला. शेंगदाणे खाल्ले, दूरच्या पांढऱ्या रांगा पाहिल्या आणि अख्ख्या दुधनीची उणीदुणी काढली.

हमालभाऊंचे लक्ष मात्र डोंगराकडे नव्हते. माल रोडला गाडी जात नाही, तेव्हा सगळा माल माणसाच्या पाठीवरून चढतो. गॅसच्या टाक्या, कपाट, सिमेंटची पोती. ओझे उचलणारे बहुतेक काश्मिरी, तिकडे त्यांना 'खान' म्हणतात. दोरखंड कपाळाला किंवा खांद्याला लावून, कमरेत वाकून ते चढण चढतात. आमच्या भाऊंनी एकाला थांबवून चहा पाजला. आपण पोते डोक्यावर-पाठीवर कसे घेतो, ते पाठीवर कसे तोलतात, यावर दोघांची मोडक्या हिंदीत अर्धा तास चर्चा झाली. भाऊंनी विचारले, "तुमच्याकडं माथाडी बोर्ड हाय का?" आपल्या महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा १९६९ साली झाला. त्या माणसाला प्रश्नच समजला नाही. समजावून सांगितल्यावर तो नुसता हसला आणि ओझे उचलून चालू लागला.

शिमल्यात एक नैसर्गिक बर्फाचे मैदान आहे. १९२० साली सुरू झालेले. संध्याकाळी मैदानावर पाणी सोडतात, रात्रीच्या थंडीने ते गोठते आणि सकाळी लोक पायांना पात्याचे बूट बांधून त्यावर गिरक्या घेतात. आभाळ निरभ्र असेल तरच हे होते. ढग असले की जमिनीची ऊब अडून राहते आणि पाणी धड गोठत नाही. आमच्या दोन पोरांनी बूट भाड्याने घेऊन पाहिले, एकाला दहा मिनिटांत जमू लागले, दुसरा बसूनच घसरला. आम्ही कठड्याला टेकून नुसते पाहत राहिलो.

व्हाइसरॉयचा वाडा मात्र प्रत्येकाने पाहावा. १८८८ साली बांधलेला हा वाडा पुढे राष्ट्रपती निवास झाला आणि १९६५ पासून तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. तिकीट काढले की माणूस बरोबर येऊन खालची दालने दाखवतो. जून-जुलै १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेल यांनी इथेच शिमला परिषद भरवली. तिचे फोटो पाहताना गांधीजी, जिना, मौलाना आझाद यांची नावे सांगणारा सांगतो. त्या परिषदेला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे अध्यक्ष रावबहादूर एन. शिवराज हेही आमंत्रित होते, हे तो सांगत नाही. ते आम्ही आमच्या पोरांना सांगितले. आणखी एक सांगितले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी मिळावी याचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४५ साली त्याचा कायदा झाला. बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस भरपगारी रजा. गिरणी कामगाराचा थोरला मुलगा म्हणाला, "आमचे दादा त्या रजेत घर शाकारायचे. फिरायला जायची ती असते, हे कुणाला ठाऊक?"

शिमल्याच्या आसपासच्या कुफरीबद्दल फार लिहीत नाही. चिखल, लीद, थकलेली घोडी आणि ओरडणारे लोक. एक चक्कर मारून परतलो.

मनालीला हिमाचलच्या सरकारी बसने पोचलो. पूर्ण दिवस गेला. तिथेही गावात बर्फ कडेकडेला, मातकट, सावलीत उरलेला. पण समोरचे डोंगर पांढरे धोप. सोलंगला गेलो तर स्कीवाल्यांनी घेरले. इथली रीत अशी की पट्ट्या पायाला बांधायच्या, वीस-तीस फूट ओढत न्यायचे, फोटो काढायचा आणि पैसे घ्यायचे. याला स्कीइंग म्हणणे म्हणजे बैलगाडीत बसून शेती केली म्हणण्यासारखे आहे. आमच्या पोरांनी हवा भरलेल्या ट्यूबवर बसून उतार घसरले. त्यात शिकायचे काही नाही आणि ओरडायला भरपूर वाव आहे.

मनालीजवळ वशिष्ठ गावात गरम पाण्याचे झरे आहेत, बायका-पुरुषांना वेगळी कुंडे. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि आत गंधकाच्या वासाचे कढत पाणी. तीन दिवस अंघोळ टाळलेली मंडळी तिथून निघेनात. बाजाराजवळ तिबेटी निर्वासितांनी १९६९ साली बांधलेला गोम्पा आहे, जवळच दुसरा न्यिंगमापा गोम्पा आहे. आत लोण्याचे दिवे, मंत्रचक्रे, भिंतीभर रंगीत चित्रे. आपल्या विहाराची सवय असलेल्याला हे सगळे निराळे वाटते. पण मूर्तीपुढे बसून आमच्या बायकांनी त्रिसरण-पंचशील म्हटले, तेव्हा कोपऱ्यातले म्हातारे भिख्खू माळ ओढायचे थांबले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती. जाताना त्यांनी पोरांच्या हातावर सुके जर्दाळू ठेवले.

आता मलाण्याचे. मनालीत गाडी ठरवताना ड्रायव्हरने यादी वाचली, त्यात मलाणा होते. "दुनिया का सबसे पुराना लोकतंत्र," तो म्हणाला. या गावाची ख्याती अशी की बाहेरच्या माणसाने तिथल्या देवळाला, घराच्या भिंतीला, माणसाला शिवायचे नाही. शिवले तर दंड. दुकानदार वस्तू हातात देत नाही, जमिनीवर ठेवतो. आपण पैसेही जमिनीवर ठेवायचे. लोक हे मजेने पाहायला जातात. गमतीदार रिवाज म्हणून फोटो काढतात. आम्ही गाडीच्या दारात उभे राहून मते घेतली. बावीसपैकी बावीस मते नको म्हणाली. आमच्या एका म्हातारीने कारण सांगितले ते असे: "ते तर आमी फुकटात बघितलंय. त्याला पैसं कशाला?" ड्रायव्हर तरुण होता. आधी गोंधळला. मग आमच्या बॅगेवरचे बाबासाहेबांचे चित्र पाहून हळूच म्हणाला की तोही आपल्यातलाच आहे. हिमाचलात अनुसूचित जातींचे लोक शंभरात पंचवीस आहेत, हे २०११ च्या जनगणनेत आहे. पर्यटकाला ते दिसत नाहीत, कारण पर्यटक देवळे आणि डोंगर बघतो. पुढचे दोन दिवस या पोराने आम्हाला नातलगासारखे फिरवले, आणि देवाच्या पालखीपुढे वाजवणारे कोण, आणि देवळाच्या पायरीखाली थांबणारे कोण, हेही सांगितले.

त्यानेच आम्हाला अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला नेले. हा बोगदा नऊ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचे लोक वर्षातले सहा महिने जगापासून तुटायचे. बोगद्यात शिरताना डोंगर तपकिरी होता, बाहेर पडलो तेव्हा सगळे पांढरे. गाडीत कोणी बोलेना. ताजा बर्फ पडला की आवाज दबतो, कारण बर्फात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या आवाज शोषून घेतात. आमच्या बावीस माणसांच्या गोंगाटाचेसुद्धा तिथे काही चालले नाही.

इथे काय केले? काहीच नाही, आणि सगळे. पोरांनी बर्फाचा स्तूप बांधला, कमरेएवढा, वर काडीला निळा रुमाल लावला. हमालभाऊंनी बर्फाचे गोळे करून मेहुण्याशी लढाई केली. सफाई कामगार भाऊ एकटेच लांब जाऊन उभे राहिले, बराच वेळ. परत आल्यावर म्हणाले, "एवढी स्वच्छ जागा जन्मात बघितली न्हवती." आईने वाकून मूठभर बर्फ घेतला, हातात दाबला, जिभेवर ठेवला. "मिठागत दिसतंय अन् चव कायच न्हाई," म्हणाली. मग खाली बसली आणि उठेचना. दोघांनी धरून उठवली तेव्हा कळले की ती हसत होती.

सिस्सू तीन हजार मीटरच्या वर आहे. दम्याच्या आणि हृदयाच्या रोग्याने डॉक्टरला विचारूनच जावे, तिथे पळू नये, डोके दुखू लागले तर लगेच खाली यावे. डोळ्यांवर काळा चष्मा असावा. बर्फावरून परतणारे ऊन डोळे जाळते. बर्फ पडल्यावर पोलीस साध्या गाड्या अडवतात, तेव्हा हट्ट धरू नये. आणि जानेवारीच्या उत्तरार्धापासून तिकडे हाल्डासारखे सण असतात. त्या दिवसांत गावकऱ्यांना पर्यटक नको असतात. ड्रायव्हरला विचारून दिवस ठरवावा.

लाहौलात एका घरी चहा घेतला. मधोमध लोखंडी शेगडी, तिला धुराची नळी छपरातून बाहेर काढलेली. तिला ते तंदूर म्हणतात. घरच्या बाईंनी सिड्डू खायला दिला. गव्हाची उकड, आत अक्रोडाचे सारण, वर तूप. आईच्या मते ती नागपंचमीची दिंडेच, फक्त गोड नाहीत. या शेगडीवरून एक गोष्ट ठासून सांगतो. धुराला नळी नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कदापि झोपू नका. तिचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. उत्तरेकडे दर हिवाळ्यात अशी माणसे जातात. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी अशी शेगडी आणून दिली होती, ती आम्ही दाराबाहेर काढली आणि घोंगड्यात शिरलो.

परतीच्या वाटेवर कुल्लूला हातमागाच्या शाली पाहिल्या. भुट्टी विणकर सहकारी संस्था १९४४ पासून चालू आहे. हातमागावर बसलेल्या विणकराला पाहून गिरणीवाले दोघे भाऊ सोलापूरच्या बंद पडलेल्या गिरण्यांबद्दल बोलत राहिले. शाल कोणी घेतली नाही, महाग होती. मागाला हात मात्र सगळ्यांनी लावला.

कुल्लूच्या अलीकडे गाडी थांबली. जुलै २०२३ च्या पुरात बियास नदीने हा रस्ता जागोजाग खाल्ला होता, आणि एके ठिकाणी संरक्षक भिंतीचे काम चालू होते. पाऊण तास खोळंबा. रस्त्याच्या कडेला मजूर बायका खडी फोडत होत्या. पाठीला बांधलेले लेकरू, हातात हातोडी, बोटांना चिंध्या. आई खाली उतरली. बहात्तरच्या दुष्काळात तिने सतराव्या वर्षी अक्कलकोट भागात अशीच खडी फोडली होती. ती त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. त्यातली एक झारखंडची होती, दुमक्याकडची. दगड टायरच्या रबराच्या कड्यात धरून फोडला म्हणजे बोट वाचते, हे आईने हातवारे करून दाखवले. बाईने आपल्याजवळचे कडे काढून दाखवले. तिला ते माहीत होतेच. दोघी हसल्या.

मग त्या बाईने विचारले, "माताजी, इधर कौनसा काम करने आये हो?"

आई गप्प झाली. आमच्याकडे पाहिले, तिच्या हातोडीकडे पाहिले. आम्ही मधे बोललो नाही. मग आई म्हणाली, "काम नही. फिरने आये. पोरगं लेके आया." पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "फिरने आये." मनालीत घेतलेले लोकरीचे हातमोजे तिने काढून बाईच्या मांडीवर ठेवले. गाडीचा हॉर्न वाजला.

दिल्लीपर्यंत रात्रभराची बस, पुढे कर्नाटक एक्स्प्रेस, आणि सोलापूरहून पॅसेंजरने दुधनी. स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपारचे ऊन होते आणि सगळ्यांच्या अंगावर अजून स्वेटर.

नवी भिशी सुरू झाली आहे. या वेळी बारा घरे आहेत, त्यात शेजारच्या गावचीही तीन. हप्ता तोच, महिना हजार. ज्यांना एकदम जमत नाही त्यांच्यासाठी पाचशेचे दोन हप्ते ठेवले आहेत, दहा तारखेला आणि पंचविसाव्या तारखेला, म्हणजे आठवडी मजुरीवाल्यांनाही सोयीचे होते. पुन्हा हिमाचलच, की दार्जिलिंगची छोटी गाडी, यावर वाद चालू आहे. दार्जिलिंगचे रूळ दोनच फुटी आहेत असे कळल्यापासून एसटीवाल्या मामांनी आपले मत तिकडे टाकले आहे. आईने अजून मत दिलेले नाही. तिचा हप्ता मात्र पहिल्याच दिवशी जमा झाला.